बारा दिवसांत कांग यात्से-२? नाशिकहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी बाई, वय ३६, राहणार नाशिक, सह्याद्रीत दहा वर्षांची भटकंती. कळसूबाई, साल्हेर, हरिहर कितीतरी वेळा. अलंग-मदन-कुलंगही दोर लावून झालंय. बर्फ पाहिलाय तो फक्त मनालीच्या सहलीत. लडाखमधल्या कांग यात्से-२ या सुमारे ६,२५० मीटर उंचीच्या शिखराची ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून जाहिरात झालेली मोहीम ऑगस्टमध्ये निघते आहे आणि ऑफिसात बारा दिवसांची रजा मिळते आहे. घरच्यांचं म्हणणं, आधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स कर. तर जावं का, आणि जायचं झालं तर कंपनी कशी पारखायची?

माझं मत आधीच सांगते. बारा दिवसांत जाऊ नका. सोळा दिवस जमत असतील तर जरूर जा, आणि कोर्स झालेला नाही म्हणून थांबू नका. हे उलटं वाटेल, कारण बहुतेक जण दिवसांची काळजी करत नाहीत, कोर्सची करतात. मी लडाख आणि हिमाचलात गेली अठरा वर्षं गट घेऊन जाते आहे. माझ्या गटांतले जे लोक आजारी पडले, त्यांच्यातले फार थोडे कौशल्य कमी पडलं म्हणून पडले. बाकीच्यांना दिवस कमी पडले होते.

यामागचं शरीरशास्त्र साधं आहे. वर गेल्यावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही, ते तिथेही २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. ५,५०० मीटरला दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्म्यावर. कांग यात्से-२ चा माथा त्याहून वर आहे. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण आपल्या गतीने घेतं. श्वास आधी वाढतो, मग काही दिवसांत मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्कली तोल सावरतात, लाल पेशी तर त्यानंतर आठवड्यांच्या हिशेबाने वाढतात. यातली कुठलीही पायरी मनाच्या जोरावर लवकर चढता येत नाही. म्हणून डॉक्टर आणि गिर्यारोहक दोघेही एकच नियम पाळतात: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबायचं. दिवसा किती वर चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे महत्त्वाचं.

आता तुम्ही पाठवलेलं वेळापत्रक या नियमाशेजारी ठेवून पाहा. विमानाने थेट लेह, म्हणजे पहिल्याच दिवशी ३,५०० मीटर. तिथे दोन रात्री. मग गाडीने चोकदो, कोंगमारू ला या खिंडीच्या अलीकडे एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी ५,२०० मीटरच्या वरची ती खिंड ओलांडून निमालिंगला मुक्काम, उंची सुमारे ४,८०० मीटर. नाशिक सोडल्यापासून चौथ्या रात्री तुम्ही ४,८०० मीटरला झोपणार आणि त्यानंतर तीन दिवसांत माथ्याकडे निघणार. हे वेळापत्रक सह्याद्रीतल्या माणसासाठी केलेलं नाही, कुठल्याच माणसासाठी केलेलं नाही. ते रजेच्या अर्जावर बसवलेलं आहे.

याच शिखराकडे जाणारी जुनी वाट मारखा खोऱ्यातून आहे. तिचं कौतुक हे की ती लेहपेक्षा थोडं खाली सुरू होते. लेहला तीन रात्री काढायच्या. मग स्किऊ (सुमारे ३,४००), मारखा (३,७००), हांकर (४,०००), थाचुंगत्से (४,२५०) आणि तिथून निमालिंग. निमालिंगला एक दिवस जास्तीचा, त्यात दुपारी थोडं वर चालून यायचं आणि झोपायला खाली उतरायचं. मग ५,१०० मीटरच्या आसपासचा बेस कॅम्प, तिथे एक दिवस सराव, एक चढाईचा, एक हवामानासाठी राखीव. परतताना कोंगमारू ला ओलांडून शांग सुमदो आणि लेह. नाशिकहून जाण्यायेण्यासकट सोळा दिवस होतात. काही कंपन्या हांकरहून थेट निमालिंग करतात, म्हणजे एका दिवसात ८०० मीटर. थाचुंगत्सेचा मुक्काम गाळला की एक दिवसाचं जेवण आणि घोड्यांचं भाडं वाचतं. वेळापत्रकात थाचुंगत्से आहे की नाही, एवढं पाहिलं तरी कंपनीबद्दल बरंच कळतं.

तुम्ही लिहिलंय की तुमचा दम चांगला आहे, हरिहरच्या पायऱ्या न थांबता चढता. ते उपयोगी आहे, पण वेगळ्या कारणासाठी. चांगला दम उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट दमदार माणसं पहिल्या तीन दिवसांत सगळ्यांच्या पुढे पळतात आणि चौथ्या दिवशी तंबूत पडून राहतात. काही वर्षांपूर्वी माझ्या गटात मॅरेथॉन धावणारा एक तरुण होता. निमालिंगपासून त्याचं डोकं दुखत होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, दोन दिवस वेदनाशामक गोळ्या खाऊन हसत राहिला. चढाईच्या रात्री साडेपाच हजारांच्या वर त्याचा पाय वाकडा पडायला लागला. मी त्याला टॉर्चच्या उजेडात टाचेला बोट लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगितलं, चौथ्या पावलाला तो कलंडला. याचा अर्थ मेंदूला सूज चढते आहे. अशा वेळी एकच औषध पक्कं काम करतं, खाली उतरवणं. बाकीची, म्हणजे डेक्सामेथासोन आणि ऑक्सिजन, ती उतरेपर्यंत वेळ विकत घेण्यासाठी असतात. त्याला दोन गाइडबरोबर ताबडतोब खाली पाठवलं, तो वाचला. पण दोन गाइड कमी झाल्यामुळे आणखी तिघांना माथ्याशिवाय परतावं लागलं. त्यांच्यापैकी एकजण त्या चढाईसाठी दोन वर्षं पैसे साठवत होती.

म्हणून माझ्या गटात मी एकच गोष्ट कठोरपणे मागते: डोकं दुखलं तर सांगा, लगेच सांगा. रोज संध्याकाळी डोकेदुखी, पोट, थकवा आणि चक्कर या चार गोष्टींना शून्य ते तीन असे गुण प्रत्येकाने स्वतः द्यायचे. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर त्या दिवशी वर जायचं नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र फार विसंबू नका. पाच हजार मीटरला आकडा ऐंशीच्या आसपास असणं नेहमीचं आहे. पंच्याऐंशी असूनही माणूस आजारी असू शकतो. फुप्फुसात पाणी होण्याची खूण निराळी: बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, रात्री आडवं झाल्यावर श्वास न पुरणं. ते बहुधा उंचीवर पोचल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या रात्री सुरू होतं. त्यात सकाळची वाट पाहायची नसते.

डायमॉक्सबद्दल विचारलंय. ती गोळी श्वास वाढवून शरीराचं जुळवून घेणं लवकर घडवते, लक्षणं झाकत नाही. प्रौढांसाठी प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. थेट विमानाने लेहला उतरणाऱ्यांना मी डॉक्टरांशी बोलून ती घ्यायला सांगते. पण गोळी घेतली म्हणून चार दिवस वाचत नाहीत.

बाईमाणूस म्हणून दोन गोष्टी, ज्या जाहिरातींत कधी नसतात. जाण्याआधी दोन-तीन महिने हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहसाठा तपासून घ्या. आपल्याकडे कित्येक जणी कमी लोहावर वर्षानुवर्षं सगळी कामं उरकतात आणि त्यांना कळतही नाही. वर नव्या लाल पेशी बनवायच्या तर लोह हवं. आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. उंची, थंडी, कमी पाणी आणि तासन्‌तास तंबूत पडून राहणं, यांत रक्त गुठळण्याचा धोका असतो. कुठली गोळी चालेल हे स्त्रीरोगतज्ज्ञांनाच विचारा. पाळी आली तरी चढता येतं. मी चढले आहे. वापरलेलं सगळं बंद पिशवीत परत आणायचं, त्यासाठी दोन जाड पिशव्या जास्तीच्या घ्या.

आता कोर्स. घरच्यांचं म्हणणं चूक नाही. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (एचएमआय), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग (निम), मनालीची संस्था, पहलगामची संस्था, इथला बेसिक कोर्स चारेक आठवड्यांचा असतो आणि त्यात जे शिकवतात ते कुठल्याही व्यावसायिक मोहिमेत शिकायला मिळत नाही. जागा कित्येक महिने आधी भरतात, वयाच्या अटी असतात, त्या पाहून घ्या. कोर्स म्हणजे धोका संपला असं मात्र नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर निमच्याच अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सच्या तुकडीवर हिमप्रपात कोसळला आणि प्रशिक्षक धरून २९ जण गेले. त्यांच्यात आमच्या ओळखीचे लोक होते. त्या दिवसानंतर ‘प्रशिक्षित’ हा शब्द मी आधीइतक्या सहजपणे वापरत नाही.

पण महिन्याची रजा तुम्हाला मिळणार नाही हेही मला दिसतंय. कांग यात्से-२ ला नेमकं काय यायला हवं? क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे काटे, घालून चालणं, तिरका उतार चढणं आणि मुख्य म्हणजे उतरणं, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने, म्हणजे आइस अ‍ॅक्सने घसरण थांबवणं, दोरात बांधून चालणं, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि ज्युमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) हातमोजे घालून वापरणं. अलंग-मदन-कुलंगमुळे दोर, हार्नेस, रॅपलिंग तुमच्या हाताला माहीत आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू. बर्फाचा उतार मात्र कातळासारखा वागत नाही. कांग यात्से-२ चा वरचा उतार चाळीस अंशांच्या आसपास आहे आणि ऑगस्ट सरत आला की वरचा भुसभुशीत बर्फ वितळून खालचं कडक हिम उघडं पडतं. तिथे क्रॅम्पॉनचं टोक पँटच्या पायात अडकून तोल गेला तर माणूस लांबवर जातो. घसरण पहिल्या दोन सेकंदांत थांबली तर थांबते.

जाहिरातीत हा सराव ‘बेस कॅम्पवर एक दिवस’ असा लिहिलेला असतो. पाच हजार मीटरवर, जड डोक्याने, अर्धा दिवस. तेवढ्यात काही हातात बसत नाही. म्हणून निघण्याआधी नाशिकमधल्या एखाद्या चांगल्या गिर्यारोहण क्लबात कडक मातीच्या उतारावर आइस अ‍ॅक्स धरून पडण्याचा सराव करा. मे-जूनमध्ये चार-पाच दिवस मनालीजवळ बर्फावर घालवता आले तर उत्तमच. हार्नेस घालणं, गाठी, कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) उघडणं-लावणं जाड मोजे घालून, घरातले दिवे बंद करून करा. चढाई रात्रीच सुरू होते.

चढाईच्या रात्रीचा हिशोब तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते. बारी गावातून कळसूबाईचा माथा म्हणजे साधारण नऊशे मीटर चढ. बेस कॅम्पवरून कांग यात्से-२ चा माथा ११५० मीटरच्या आसपास, एका दमात. रात्री अकरा-बाराला निघायचं, उणे दहा-पंधराची थंडी, पायात दोन-अडीच किलोंचे बूट, अर्ध्या दाबाची हवा. वर जायला आठ ते दहा तास. नंतर तेवढंच उतरायचं, थकलेल्या गुडघ्यांनी, उन्हात मऊ होत चाललेल्या बर्फावरून. अपघात उतरताना जास्त होतात. म्हणून तयारीत चढण्याइतकंच उतरणं मोजा. पाठीवर दहा-बारा किलो घेऊन महिन्यातून दोनदा कळसूबाई, लागोपाठ दोन दिवस. अधल्यामधल्या दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या, बोलता येईल अशा संथ गतीने तासभर. धावायला आवडत असेल तर धावा, नसेल तर नका धावू.

कंपनी पारखताना किमतीचा तक्ता शेवटी उघडा. आधी फोन करा आणि विचारा: नेता कोण, त्याचं प्रशिक्षण काय, या शिखरावर तो किती वेळा गेलाय. ‘आमची अनुभवी टीम’ हे उत्तर नव्हे, नाव हवं. चढाईच्या रात्री किती जणांमागे किती गाइड? नवशिक्यांच्या गटात तिघांमागे एकाहून कमी असतील तर मी जाणार नाही. एक माणूस आजारी पडून परतला तर त्याच्यासोबत कोण उतरणार, आणि मग बाकीच्यांचं काय? परत फिरायची वेळ कोणती? यावर ‘परिस्थिती बघून ठरवू’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. ती वेळ आदल्या दिवशी ठरलेली असावी लागते, कारण माथा दिसायला लागल्यावर कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही, नेत्याचंसुद्धा. ऑक्सिजनचं सिलिंडर कुठे असणार, बेस कॅम्पवर की लेहच्या गोदामात? परवानगीचा कागद दाखवा म्हणा. इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनच्या परवानगीशिवाय या शिखरावर जाणं म्हणजे काही झालं तर तुमची कुठेच नोंद नसणं.

आणि घोडेवाले, स्वयंपाकी, मदतनीस यांचा विमा आहे का, त्यांच्या पायात काय असतं, हेही विचारा. जी कंपनी आपल्या माणसांना कॅनव्हासच्या बुटांत बेस कॅम्पला पाठवते, ती तुमच्यासाठी वेगळी वागेल असं समजू नका. रात्री दोन वाजता तुम्हाला खाली आणणारी माणसं तीच असतात.

सुटकेबद्दल कुणी ‘हेलिकॉप्टर आहे ना’ म्हणालं तर नीट खोदून विचारा. नेपाळात खासगी हेलिकॉप्टर बोलावता येतं; लडाखमध्ये विनंती प्रशासनामार्फत जाते आणि बहुधा वायुसेना येते. निमालिंगहून त्यांनी माणसं उचलली आहेत, पण हवामान आणि उजेड असेल तेव्हाच. तोवर तुम्ही आणि तुमचा गट. मारखा खोऱ्यात मोबाइल धरून चालू नका. बाहेरचं प्रीपेड सिम तर लडाखमध्ये चालतच नाही. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवानगीशिवाय वापरणं बेकायदा आहे, परदेशातल्या भावाने पाठवलेलं असलं तरी नेऊ नका. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा आणि ‘दोर वापरून गिर्यारोहण’ हे शब्द शोधा, नेहमीच्या प्रवास विम्यात ते बहुतेक वेळा वगळलेलं असतं.

सामानाचं सगळं सांगत बसत नाही, यादी कंपनी देईल. बुटांचं मात्र सांगायलाच हवं. माझ्या पहिल्या सहा-हजारी शिखरावर मी माथ्यापासून दीडशे मीटरवरून परत फिरले. दम होता, हवा स्वच्छ होती. भाड्याने दिलेले बूट अर्ध्या नंबराने लहान होते आणि दुकानात मी ते पातळ मोज्यांवर घालून ‘बसतात’ म्हणाले होते. पहाटे चारला बोटं बधिर झाली, पाचला ती आहेत की नाहीत हे कळेना. पुढे दोन महिने दोन्ही अंगठ्यांना जाणीव नव्हती. लेहला बूट घेताना संध्याकाळी जा, पाय दिवसभरात सुजतात. दोन जाड मोजे घाला, उतारावर उभं राहून बोटं पुढे लागतात का पाहा, आणि क्रॅम्पॉन त्याच बुटावर तिथेच बसवून घ्या. दुकानदार घाई करेल. करू द्या.

खाण्याचं एवढंच, की साडेपाच हजारांच्या वर भूक मरते, तेव्हा घरी आवडतं तेच जवळ ठेवा. राजगिऱ्याचे लाडू, खजूर चालतात. चिक्की थंडीत दगड होते. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूने धरतो म्हणजे झाकण मोकळं राहतं. नळीची पिशवी नेऊ नका, नळी आधी गोठते.

तर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. वरिष्ठांशी बोलून रजा सोळा दिवसांची होत असेल, तर थाचुंगत्सेचा मुक्काम आणि राखीव दिवस असलेली मोहीम शोधा, तुम्हाला मिळालेल्या या वेळापत्रकाला नाही म्हणा. बाराच मिळत असतील, तर याच ऑगस्टमध्ये मारखा खोऱ्याचा नुसता ट्रेक करा, लेहला तीन रात्री काढून. निमालिंगच्या कुरणात मेंढपाळांच्या तंबूंवर कांग यात्सेचा डोंगर उभा दिसतो. तिथे दोन रात्री थांबा आणि कोंगमारू ला ओलांडून उतरा. पाच हजारांच्या आसपास तुमचं शरीर कसं वागतं, झोप लागते का, तिसऱ्या दिवशी डोकं काय म्हणतं, हे रोज रात्री वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी जो कोणी तुमचा नेता असेल, त्याला पहिल्याच फोनवर ती वही वाचून दाखवा.